अंशकालीन कामाचा पूर्ण दिवस

मार्च महिना अर्धा सरला, की चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या जंगलपट्ट्यात स्त्रियांचा दिवस पहाटे तीन-चार वाजताच सुरू होतो. मोहाची फुले रात्रीच्या अखेरच्या प्रहरापासून सकाळपर्यंत गळत राहतात. वेळेवर वेचली नाहीत, तर गुरे आणि रानातील जनावरे ती फस्त करतात. म्हणून घरातील बाई टोपली आणि विजेरी घेऊन अंधारातच निघते. घरी निजलेले दोन-अडीच वर्षांचे लेकरू जागे होईल तेव्हा त्याच्याजवळ कोण असेल, हा प्रश्न निघण्यापूर्वी तिला कसाबसा सोडवावा लागतो. कधी सासू असते, कधी सात-आठ वर्षांची थोरली मुलगी. कधी कोणीच नसते. मग ते मूल तिच्या पाठीशी बांधलेले, तिच्याबरोबरच रानात जाते.

सकाळी परतल्यावर हीच स्त्री दुसरे एखादे काम करते. ती कदाचित आशा स्वयंसेविका असेल, अंगणवाडीची मदतनीस असेल, शाळेत खिचडी शिजवणारी असेल, किंवा आरोग्य उपकेंद्रातील अंशकालीन स्त्री परिचर असेल. ह्या सर्व कामांना सरकारदरबारी जी विशेषणे लावली जातात, ती आमच्या वाचकांनी एकदा लक्षपूर्वक वाचावीत: मानसेवी, स्वयंसेवी, हंगामी, अंशकालीन. ह्या शब्दांमागे एक गृहीतक दडलेले आहे. गावातील बाईच्या दिवसात दोन-चार तास मोकळे पडलेले असतात आणि त्यांचा उपयोग करून घेतला, की तिलाही चार पैसे मिळतात व शासनाचेही काम होते, असे ते गृहीतक. ते मोकळे तास नेमके कोठे आहेत, हे मात्र कोणी दाखवून दिलेले नाही.

आशा योजनेचेच उदाहरण घेऊ. १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि त्यातून ही योजना आली. आशा ही त्याच गावची रहिवासी, विवाहित, विधवा वा घटस्फोटित आणि २५ ते ४५ वर्षे वयोगटातील असावी, असा दंडक ठरला. तिचे काम दिवसाला सुमारे दोन ते तीन तास आणि आठवड्यातून साधारण चार दिवस असेल; त्यामुळे तिच्या नेहमीच्या उपजीविकेला बाधा येणार नाही, असे मार्गदर्शक सूचनांत नमूद होते. हेतू चांगलाच होता. लग्न होऊन दुसऱ्या गावी न जाणारी, गावात टिकून राहणारी स्त्री हवी होती. परंतु पंचविशी-तिशीतील विवाहित स्त्री म्हणजे बहुधा लहान मुलांची आई, हे उघड सत्य त्या हिशेबात कोठेच मांडले गेले नाही. वयाची अट तिच्या मातृत्वाच्या वर्षांवर नेमकी येऊन बसली आणि तिच्या स्वतःच्या मुलांविषयी मात्र एक ओळही लिहिली गेली नाही.

ह्यात एक विलक्षण विसंगती आहे. नवजात बालकाची घरीच काळजी घेण्याची जी पद्धत आज देशभरच्या आशाताई वापरतात, तिचा पाया गडचिरोलीतच घातला गेला. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग ह्यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन बालमृत्यू कसे रोखता येतात, हे प्रयोगाने सिद्ध केले. ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकाने १९९९ साली ते जगापुढे आणले. पुढे केंद्र शासनाने २०११ मध्ये ही पद्धत स्वीकारली. त्यानुसार दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जावयाचे, वजन करावयाचे, ताप पाहावयाचा, आईला स्तनपानाविषयी समजवावयाचे. ह्या सहा भेटींचे मिळून २५० रुपये ठरले. एटापल्ली, भामरागड किंवा कोरचीकडे एका टोल्यावरून दुसऱ्या टोल्यावर जाणे म्हणजे काय, हे त्या वाटा तुडवणाऱ्यालाच ठाऊक. पावसाळ्यात नाले भरले, की भेटीचा दिवस उलटू नये म्हणून ती पाण्याचा अंदाज घेत काठावर उभी असते. दुसरीच्या बाळाने दूध ओढले की नाही, हे पाहावयास निघालेल्या ह्या स्त्रीचे स्वतःचे वर्षभराचे बाळ त्या वेळी कोणाकडे आहे, ह्याची नोंद करण्यासाठी तिच्या नोंदवहीत रकाना नाही.

मोबदल्याचा प्रश्न वृत्तपत्रांतून बराच गाजला, म्हणून त्यावर आम्ही थोडक्यातच लिहितो. राज्यातील आशांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये संप केला, फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या मुंबईच्या आझाद मैदानावर बसल्या आणि मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने त्यांच्या मोबदल्यात पाच हजार रुपयांची वाढ मान्य केली. केंद्राने २०२५ मध्ये त्यांचा मासिक प्रोत्साहनभत्ता दोन हजारांवरून साडेतीन हजार केला. अंगणवाडी सेविका व मदतनिसांनीही डिसेंबर २०२३ पासून दीर्घ संप केला होता. पैसा वाढला, हे स्वागतार्हच. परंतु वाढलेल्या पैशाने ‘अंशकालीन’ ह्या शब्दाचा अर्थ बदलला नाही. तो बदलण्याचे धाडस केले ते सर्वोच्च न्यायालयाने. गुजरातमधील अंगणवाडी सेविकांच्या उपदानाच्या दाव्यात एप्रिल २०२२ मध्ये निर्णय देताना, त्यांच्यावर सोपवलेली कर्तव्ये पाहता हे काम अर्धवेळ आहे असे मानणे अशक्य आहे, अशा आशयाचा निष्कर्ष न्यायालयाने नोंदवला. आमच्या मते, त्या एका निष्कर्षाचे मोल कोणत्याही मानधनवाढीहून अधिक आहे.

आता घरातील कामाचे गणित पाहू. केंद्राच्या सांख्यिकी खात्याने २०२४ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, पुरुष ८८ मिनिटे. मुलाबाळांची व घरातील इतरांची शुश्रूषा करणाऱ्यांत स्त्रियांची मिनिटे १३७, पुरुषांची ७५. हे सरासरी आकडे सबंध देशाचे आहेत. सरपणाची मोळी आणि हातपंपावरची रांग ज्यांच्या वाट्याला येते, त्यांचे गणित प्रत्येकाने आपल्या गावात बसून मांडावे. त्यावर आशाचे ‘दोन-तीन’ तास, त्यावर मोह, त्यावर जुलैत रोवणीच्या चिखलात वाकून काढलेले दिवस. अशा दिवसाला अंशकालीन म्हणावयाचे, तर पूर्णकाळ कशाला म्हणावे?

काही वाचक म्हणतील, खेड्यात मूल एकटे कधीच नसते. आजी असते, शेजारीण असते, सारा टोलाच त्याला सांभाळतो. ह्या म्हणण्यात तथ्य आहे आणि आदिवासी समाजाचा हा गुण शहरवासीयांनी शिकण्याजोगाच आहे. परंतु हंगामाच्या दिवसांत टोला रिकामा होतो, ही गोष्ट ह्या युक्तिवादात निसटते. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. तो अवघ्या दोन-तीन आठवड्यांचा असतो आणि वर्षाची रोख कमाई त्यात करावयाची असते. पहाटे रानात जाऊन पाने खुडावयाची, दुपारी घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधावयाचे, सायंकाळी ते संकलन केंद्रावर मोजून द्यावयाचे. जितके हात, तितके पुडे. त्यामुळे आजीही जाते. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. त्यांतील दोघी सासू-सून होत्या. त्या बातमीची चर्चा वाघांची संख्या, वनखात्याची जबाबदारी आणि भरपाईची रक्कम ह्यांभोवती फिरली. ती चर्चा आवश्यकच होती. मात्र घरातील दोन्ही कर्त्या स्त्रिया भल्या पहाटे एकाच रानात असतात, ह्या साध्या वस्तुस्थितीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. आजी घरी असते, हे आपण शहरात बसून धरून चाललो आहोत.

मग उरते ती थोरली मुलगी. मोहाचा हंगाम आणि शाळेची वार्षिक परीक्षा ह्यांची गाठ दरवर्षी पडते. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला, पटावर नावे आली. पण धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेच्या व्हरांड्यात उभी राहिलेली मुलगी अनेक गुरुजींनी पाहिली आहे. सहृदय गुरुजी तिला भावासकट वर्गात बसवून घेतात. सर्वच तसे करतात असे नाही. जी कुटुंबे मिरची तोडणीसाठी तेलंगणात जातात, त्यांच्या मुलींचे तर काही महिने पूर्णच बुडतात.

आईच्या वाट्याची अडचण अशा रीतीने एक पायरी खाली उतरून लेकीच्या वाट्याला येते.

अंगणवाडी आहे ना, असा पुढचा प्रश्न येईल. अंगणवाडी आहे आणि तिचे उपकार मोठे आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी बोर्डीला व पुढे कोसबाडला शाळा मुलांच्या अंगणात नेण्याचा जो प्रयोग केला, त्यातूनच हा शब्द रूढ झाला आणि १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने तो देशभर पोचवला. परंतु अंगणवाडीत बसते ते तीन ते सहा वर्षांचे मूल. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला घरी नेण्याचा कोरडा आहार मिळतो. बाळाला आईच्या दुधापलीकडचे अन्न सुरू होते, ते दिवसातून अनेकदा थोडेथोडे भरवावे लागते, कुपोषण जडण्याचा धोका मोठा असतो, ते हेच वय. डबा घरात आहे, भरवणारे हात रानात आहेत. २०१५ साली आदिवासी भागासाठी सुरू झालेल्या अमृत आहार योजनेने गरोदर व स्तनदा मातांना दिवसाला एक चौरस जेवण आणि मुलांना अंडी-केळी दिली, हे चांगलेच झाले; तरी दुपारी अंगणवाडीत येऊन जेवावयाचे, तर आईला कामावरून परत यावे लागते.

कायद्यांना हा प्रश्न अगदीच ठाऊक नव्हता असे नव्हे. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात, कामावर आलेल्या स्त्रियांबरोबर सहा वर्षांखालील पाच वा अधिक मुले असतील, तर त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीला मजुरी देऊन नेमावे, अशी तरतूद होती. प्रसूती लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन पन्नास वा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन आले. ह्यांतील पहिली तरतूद बहुतेक ठिकाणी कागदावर राहिली. दुसरीचा लाभ नोकरदार स्त्रीलाच. मोह वेचणाऱ्या स्त्रीचा मालक कोण? तेंदूच्या झाडाखाली आस्थापना कोणती? आशा तर स्वयंसेविका. तिला कोणी नेमलेलेच नाही!

शेजारच्या छत्तीसगडमध्ये ह्यावर एक साधा मार्ग निघाला. बिलासपूर जिल्ह्यात गनियारी येथे काम करणाऱ्या ‘जन स्वास्थ्य सहयोग’ ह्या डॉक्टरांच्या संस्थेने वस्त्यावस्त्यांत ‘फुलवारी’ सुरू केल्या. वस्तीतीलच एक स्त्री सहा महिने ते तीन वर्षांची काही मुले दिवसभर सांभाळते, त्यांना ताजे शिजवलेले अन्न भरवते आणि आया निश्चिंत मनाने कामाला जातात. पुढे त्या राज्याच्या शासनानेही आदिवासी भागांत ही कल्पना उचलली. ह्यासाठी मोठी इमारत लागत नाही. सारवलेली ओसरी, पाण्याचा माठ, डाळ-भात-तेल, आणि जिच्यावर आयांचा विश्वास आहे अशी एक बाई एवढे पुरते.

केंद्राची पाळणा योजनाही आता आहे. जुन्या पाळणाघर योजनेचे हे नवे रूप; अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवावे, असे त्यात म्हटले आहे. आमची शंका वेळेविषयी आहे. ह्या पाळणाघरांसाठी महिन्याला २६ दिवस आणि दिवसाला साडेसात तास असे परिमाण आहे आणि ते कचेरीच्या घड्याळाशी जुळते. आमच्या जिल्ह्यांतील आईला पाळणाघर हवे आहे ते मोहाच्या आणि तेंदूच्या दिवसांत पहाटे चारला, रोवणीच्या दिवसांत सकाळी सातपासून सायंकाळपर्यंत, आणि लसीकरणाच्या दिवशी आशाताईसाठी. नागपूर वा मुंबईहून ठरवलेली वेळ येथे लागू पडणार नाही. ती टोल्यानेच ठरवावयास हवी.

आणि ती ठरवण्याचा अधिकार येथील गावांजवळ आहे, हे गडचिरोलीचे भाग्य. मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि त्यानंतर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांनी तेंदू व बांबू स्वतः विकण्यास सुरुवात केली. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने तर वनहक्क मिळाल्यावर तेंदूपत्ता तोडावयाचाच नाही, असे ठरवून बांबूच्या कामावर भर दिला; कोणते काम करावयाचे आणि कोणते नाही, हे गाव स्वतः ठरवू शकते, ह्याचा तो पुरावा होय. पेसा क्षेत्रातील गावांना २०१५ पासून अबंध निधीही मिळतो. त्या पैशातून सभामंडप उभे राहतात, ध्वनिक्षेपक येतात, रस्त्यावर मुरूम पडतो. पाळणाघर चालवणाऱ्या बाईची मजुरी त्या यादीत आम्हांस क्वचितच दिसते. ग्रामसभेच्या बैठकीला स्त्रिया येतात, पण बहुधा मागे बसतात, मांडीवर मूल घेऊन. आणि ते मूल रडू लागले, की बाहेर जावयाचे असते त्यांनाच.

तेंदूच्या लिलावासाठी ग्रामसभांच्या बैठका हंगामाच्या आधी, उन्हाळा लागता-लागताच होतात. कंत्राटदार, भाव, बोनसची तारीख हे विषय तेथे असतातच. त्याच बैठकीत, भाव ठरण्यापूर्वी, मे महिन्यातील पहाटे चार ते अकरा ह्या वेळात टोल्यातील तीन वर्षांखालील मुले कोणाच्या ओसरीवर राहतील आणि त्या बाईला रोजचे किती रुपये द्यावयाचे, हा विषय पत्रिकेवर यावा. तो मांडण्याचे काम आशाताईने करावे. कोणत्या घरात किती लहान मुले आहेत, ह्याची यादी गावात तिच्याच वहीत असते; फक्त तिने त्या यादीत स्वतःचेही मूल लिहावे.