ताडोबाचा वाघ तेलंगणात शिरला, त्याचा रस्ता मात्र हैदराबादेत अडला

कोठी, हैदराबाद : उन्हाळा जवळ आला की कोठी, सुलतान बाजार, काचीगुडा भागातल्या मराठी घरांत ताडोबाची चौकशी सुरू होते. मोहर्लीचं बुकिंग मिळतंय का, कोलाऱ्याचं गेट बरं की नवेगावचं, मंगळवारी बंद असतं ना? रात्रीची गाडी धरायची, पहाटे बल्लारशा नाहीतर चंद्रपूरला उतरायचं. गाडी मंचेरियाल, बेल्लमपल्ली, सिरपूर कागजनगर, विरूर करत जाते तेव्हा डबा झोपलेला असतो. आणि ताडोबाच्या वाघांचं पुढचं भवितव्य नेमकं त्याच पट्ट्यात ठरतंय.

ताडोबा 1955 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, 1995 पासून ते व्याघ्र प्रकल्प आहे. बोटेझरी, नवेगाव, जामणी अशी गावं आतून बाहेर आली, गवताची कुरणं परत उभी राहिली, हरणं वाढली. 2022 च्या गणनेत प्रकल्पात 97 वाघ मोजले गेले. तरुण वाघाला तिथं आता जागा उरत नाही. तो दक्षिणेकडे सरकतो. फाल्गुना नावाची वाघीण अशीच कागजनगरच्या जंगलात आली आणि तिथंच व्याली. 2024 च्या हिवाळ्यात किनवटकडून ‘जॉनी’ नावाचा वाघ जोडीदार शोधत आदिलाबाद, निर्मलपर्यंत फिरला.

तेलंगणाकडे कावल व्याघ्र प्रकल्प आहे, 2012 चा. पण 2022 च्या गणनेत तिथं एकही वाघ नव्हता! वाघ कागजनगरपर्यंत येतात, पुढं कावलच्या गाभ्यात टिकत नाहीत. मध्ये रेल्वे, रस्ते, कालवे आणि कापसाची शेतं. कावलमधली रामपूर, मैसमपेट ही गावं 2024 मध्ये बाहेर वसवली, तरी बाहेरचा रस्ताच तुटका असेल तर गाभा रिकामा करून किती उपयोग?

हा रस्ता सांधायला तेलंगणा सरकारनं 30 मे 2025 रोजी जीओ 49 काढला. आसिफाबाद जिल्ह्यातलं सुमारे 1,492 चौरस किलोमीटर जंगल ‘कुमरम भीम संवर्धन राखीव’ म्हणून जाहीर झालं. 339 गावांत खळबळ उडाली. पोडू जमिनी जाणार, सरपण-मोहफूल बंद होणार, उद्या गावही उठवणार, असं आदिवासी संघटना म्हणू लागल्या. आंदोलनं झाली, जिल्हा बंद झाला आणि जुलैत सरकारनं आदेश स्थगित केला.

कायद्याच्या भाषेत संवर्धन राखीव म्हणजे अभयारण्य नव्हे. 2002 च्या दुरुस्तीनं आलेला हा मवाळ प्रकार. त्यात लोकांचे हक्क काढून घेतले जात नाहीत, पण घोषणेआधी स्थानिकांशी बोलावं लागतं. घोडं अडलं ते इथंच. गावकऱ्यांना ही बातमी ग्रामसभेतून कळायला हवी होती, ती सरकारी कागदातून कळली. वर नाव कुणाचं, तर जल-जंगल-जमिनीसाठी निजामाशी लढून 1940 मध्ये जोडेघाटला मारल्या गेलेल्या कुमरम भीमांचं. तेव्हाही जंगलाचे हुकूम हैदराबादेतूनच जायचे. लोक घाबरले यात नवल ते काय!

भीती नुसती कागदाची नाही. 29 नोव्हेंबर 2024 ला कागजनगरजवळ गन्नारमच्या शिवारात कापूस वेचताना एक तरुण बाई वाघाच्या हल्ल्यात गेली. त्याच वर्षी जानेवारीत दरीगावच्या जंगलात दोन वाघ मेले होते. विषप्रयोगाचा तपास झाला. जीव दोन्हीकडून जातायत. भरपाईचं बघा : महाराष्ट्रात माणूस गेला तर 25 लाख, गन्नारमच्या कुटुंबाला जाहीर झाले 10 लाख. वाघ तोच, जंगल तेच, मध्ये फक्त पाटी बदलते. जिवतीच्या सीमेवरल्या चौदा गावांत तर एकाच घरात दोन राज्यांची रेशनकार्डं आहेत. तिथं वाघानं माणूस मारला तर कुठल्या राज्याचा दर लावणार, हे दोन्ही वनखात्यांनी आधीच ठरवून ठेवलेलं बरं.

ताडोबाच्या भोवतालच्या गावांना वाघातून निदान काही मिळतं : गाईड, जिप्सी, होमस्टे. कागजनगरच्या शेतकऱ्याकडे वाघ येतो, पर्यटक येत नाही. कोठीतून निघालेला पैसाही त्याच्या दारावरून रात्रीच पुढं चंद्रपूरला जातो. म्हणून पहिलं काम भरपाई समान करण्याचं आणि जनावर मारलं गेलं तर पैसे आठवड्यात हातात देण्याचं. पोडूच्या पट्ट्यांचे दावे निकाली काढणं दुसरं. नकाशा त्यानंतर काढावा, आणि तो चंद्रपूर-आसिफाबादच्या अधिकाऱ्यांनी एकत्र बसून काढावा. मराठी आणि गोंडी बोलणारी गावं दोन्ही अंगाला आहेत, त्यामुळं आदेशाची प्रत नुसती इंग्रजी-तेलुगूत काढून भागणार नाही.

जीओ स्थगित झाला तेव्हा रद्द झाला नव्हता. वाघांना तर स्थगितीही माहीत नाही. गन्नारमनंतर वेचणीला जाणाऱ्यांना वनखात्यानं डोक्यामागं बांधायचे मुखवटे वाटले, कारण वाघ पाठीमागून येतो.