पहिला अंक शोधू नका

सुपरहिरो कॉमिक्स नुकतेच हातात घेतलेले ज्युनिअर्स दोन प्रश्न हमखास विचारतात. एक, "पहिल्या अंकापासून वाचू का?" आणि दोन, "सगळ्यांत पॉवरफुल कोण?" दुसऱ्या प्रश्नावर मेसच्या रांगेत रोज वाद होतो आणि तो कधीच मिटत नाही, म्हणून तो मी सोडून देतो. पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर ठाम आहे: नाही.

सुपरमॅन १९३८ साली 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात आला. बॅटमॅन १९३९ साली 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७व्या अंकात आला. तेव्हापासून त्यांच्या गोष्टी चालूच आहेत. लेखक बदलले, चित्रकार बदलले, एकाच नायकाची दोन-तीन मासिकं निघू लागली, मध्येच अंकांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली. हे सगळं क्रमाने वाचायचं ठरवलं तर बारावीचा निरोप समारंभ उरकेल आणि आपण अजून जुन्या काळातच अडकलेलो असू.

सीनिअर्सकडे या प्रश्नाचं दुसरं उत्तर तयार असतं: "वॉचमन वाच, बाकी सगळा कचरा." ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांचं 'वॉचमन' १९८६-८७ मध्ये बारा अंकांत आलं आणि ते फार मोठं काम आहे, याबद्दल वाद नाही. पण त्याआधीच्या पन्नास वर्षांच्या सुपरहिरोंना विचारलेले ते प्रश्न आहेत. ज्याने एकही साधा, सरळ सुपरहिरो मनापासून वाचलेला नाही, त्याच्या हातात 'वॉचमन' देणं म्हणजे क्रिकेट न शिकवता त्याला मॅच फिक्सिंगवर व्याख्यान देणं. तो मुलगा पंचवीस पानं वाचतो, मान हलवतो आणि पुस्तक परत करतो. आमच्या हाउसमध्ये असं दोनदा झालेलं मी पाहिलं आहे.

मी नव्या वाचकाला अशी कथा देतो जी दोन-चार अंकांत पूर्ण होते आणि जिच्यात नायकाची ताकद ऐन वेळी अपुरी पडते. उडता येणं, भिंतीवर चढता येणं हे चित्रांत छान दिसतं, पण गोष्ट सुरू होते ती जिथे त्याचा उपयोग होत नाही तिथे.

म्हणून सुरुवात 'द अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या ३१ ते ३३ या तीन अंकांपासून करा. १९६५ च्या शेवटी आणि १९६६ च्या सुरुवातीला हे अंक आले. कथानक आणि चित्रं स्टीव्ह डिटको यांची, संवाद स्टॅन ली यांचे. पीटर पार्कर नुकताच कॉलेजात गेला आहे. त्याची मे काकू दवाखान्यात आहे. पूर्वी एकदा त्यानेच तिला रक्त दिलेलं असतं आणि त्याच्या त्या किरणोत्सर्गी रक्तानेच ती आजारी पडली आहे. तिला वाचवू शकणारं औषध चोरीला जातं. स्पायडर-मॅन ते शोधत पाण्याखालच्या एका अड्ड्यापर्यंत पोहोचतो आणि मारामारीत एक भलंमोठं यंत्र त्याच्या अंगावर कोसळतं. औषधाची कुपी समोर पडलेली, हाताला येत नाही. छतातून पाणी गळायला लागलेलं. ३२वा अंक इथे संपतो. तेव्हाच्या मुलांनी पुढचा महिना कसा काढला असेल कोण जाणे.

३३व्या अंकाची पहिली पाच पानं म्हणजे फक्त ते यंत्र उचलणं. शत्रू नाही, मारामारी नाही. एक मुलगा, त्याच्या पाठीवरचं वजन आणि त्याच्या डोक्यात बेन काका आणि मे काकू. तो प्रयत्न करतो, जमत नाही. पुन्हा करतो. चौकटी मोठ्या होत जातात आणि शेवटी अख्ख्या पानाचं एक चित्र येतं. ज्यांनी क्रॉस कंट्रीच्या शेवटच्या चढावर पोटात कळ येऊनही पाय उचलले आहेत, त्यांना ही पानं समजावून सांगावी लागत नाहीत. आणि माझ्या मते खरी गंमत त्यानंतर आहे. यंत्र उचललं म्हणून काम संपत नाही. पाय दुखावलेला, पाणी भरत आलेलं, बाहेर पहारेकरी, औषध तपासून दवाखान्यात पोहोचवायचं बाकी. काकू वाचणार हे कळल्यावर तो थकलेला मुलगा घरी निघतो. टाळ्या वाजवायला तिथे कोणी नसतं.

गेल्या टर्ममध्ये माझी आजी कराडला दवाखान्यात होती आणि मी इथे होतो. इथून कराड दोन दिवसांच्या अंतरावर आहे आणि घरी फोन करायला रविवारी मिळतात ती दहा मिनिटं. त्या आठवड्यात मी हे तीन अंक पुन्हा वाचले. पीटर निदान औषध स्वतः घेऊन जाऊ शकत होता, मला तेही शक्य नव्हतं, त्यामुळे वाचून फार बरं वाटलं असं म्हणणार नाही. पण प्रेपमध्ये शेजारच्याला सांगता न येणारी गोष्ट साठ वर्षांपूर्वी कोणीतरी नीट काढून ठेवली आहे, एवढं कळलं. आजी आता घरी आहे आणि गोळ्या चुकवते म्हणून आईशी भांडते.

याच मासिकाचे १२१ आणि १२२ हे अंक (१९७३, लेखक गेरी कॉनवे, चित्रं गिल केन) दुसऱ्या क्रमाला ठेवा, पहिल्या नको. यात ग्वेन स्टेसी मरते. शेवट फोडला म्हणून रागावू नका, आता पुस्तकाच्या नावातच तो असतो. मूळ अंकात मात्र कथेचं नाव पहिल्या पानावर न छापता शेवटच्या पानावर छापलं होतं. पुलावरून खाली पडणाऱ्या ग्वेनला स्पायडर-मॅन जाळं टाकून धरतो आणि त्या चौकटीत तिच्या मानेजवळ अगदी लहान अक्षरांत 'स्नॅप' असा आवाज छापला आहे. म्हणजे त्याचा नेम बरोबर होता, वेळ बरोबर होती, आणि तरीही. आमच्याकडे प्रत्येक स्पर्धेनंतर काय चुकलं याची चर्चा होते आणि काहीतरी चुकलेलं सापडतंच. चूक नसतानाही हरता येतं, हे शिकवणारी गोष्ट मला दुसरीकडे फारशी सापडलेली नाही.

आता बॅटमॅन. 'इयर वन' ही कथा 'बॅटमॅन'च्या ४०४ ते ४०७ या चार अंकांत १९८७ साली आली. लेखक फ्रँक मिलर, चित्रकार डेव्हिड मॅझुकेली. कॅडेटने एकच सुपरहिरो पुस्तक वाचायचं असेल तर ते हे, असं मी म्हणेन, आणि गंमत म्हणजे त्यातला मला आवडणारा नायक बॅटमॅन नाहीच. तो लेफ्टनंट जिम गॉर्डन आहे. चार जानेवारीला दोघं गॉथममध्ये येतात, पंचवीस वर्षांचा ब्रूस वेन विमानाने, गॉर्डन रेल्वेने. ब्रूसकडे पैसा आहे, वाडा आहे, वर्षानुवर्षांचं प्रशिक्षण आहे. गॉर्डनकडे एक नोकरी आहे आणि ज्या खात्यात ती आहे ते वरपासून खालपर्यंत किडलेलं आहे. तो हप्ते घेत नाही, म्हणून त्याचेच सहकारी तोंडं झाकून त्याला बॅटने बदडतात. मग तो त्यांतल्या मुख्य माणसाला, फ्लॅसला, एकट्याला रस्त्यावर गाठतो. फ्लॅस धिप्पाड आणि कमांडो प्रशिक्षण घेतलेला. गॉर्डन त्याच्या हातात बॅट देतो आणि स्वतः मोकळ्या हाताने उभा राहतो.

पण गॉर्डनही धुतल्या तांदळासारखा नाही. घरात बायको बाळंतपणाला आलेली असताना तो तिच्याशी खोटेपणाने वागतो. वरिष्ठ तेच हत्यार करून त्याला दाबू पाहतात, तेव्हा तो स्वतः बायकोला सगळं सांगून टाकतो. पालकांनी हे पान उघडलं तर पुस्तक मुलाच्या हातून काढून घ्यावंसं वाटेल, याची मला कल्पना आहे. माझी विनंती आहे की दोन पानं पुढे वाचा. दबावाखाली आलेल्या अधिकाऱ्याने काय करावं यावर आम्हाला भाषणं बरीच मिळतात. इथे तो माणूस घाबरलेला दिसतो, आणि तरी तेच करतो.

कॅप्टन अमेरिकाचं नाव काढलं की आमच्याकडे काही जण हसतात. झेंड्याचे कपडे घातलेला माणूस, असं म्हणतात. त्यांनी इतिहास थोडा बघावा. जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी काढलेल्या त्याच्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर तो हिटलरला ठोसा मारतो. त्या अंकावर मार्च १९४१ असं छापलं आहे, आणि अमेरिका युद्धात उतरली त्याच वर्षीच्या डिसेंबरात. म्हणजे सरकारच्या आधी चित्रकारांनी बाजू घेतली होती.

मी मात्र नव्या वाचकाला १९७४ ची कथा सुचवतो. लेखक स्टीव्ह एंगलहार्ट, चित्रं सॅल बुसेमा. कॅप्टन अमेरिका एका गुप्त संघटनेच्या मागे लागतो आणि तिचा प्रमुख त्याला थेट व्हाइट हाउसमध्ये सापडतो. चेहरा वाचकाला दाखवलेला नाही. दाखवायची गरजही नव्हती, कारण वॉटरगेट प्रकरण चालू होतं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी राजीनामा दिला. १७६व्या अंकात स्टीव्ह रॉजर्स ढाल खाली ठेवतो. थॉर, आयर्न मॅन, फाल्कन येऊन त्याला समजावतात. प्रत्येकाचं म्हणणं पटण्यासारखं आहे. तरी तो वर्दी उतरवतो. काही अंकांनी तो परत येतो, पण त्याआधी त्याच्या जागी तो पोशाख घातलेला एक तरुण जिवानिशी गेलेला असतो.

परत येताना आपण नेमके कोणाशी बांधील आहोत हे त्याने ठरवलेलं असतं: खुर्चीवरच्या माणसाशी नाही, देशाने स्वतःला दिलेल्या वचनांशी. आपल्या सैन्यातली शपथही व्यक्तीची नसते, राज्यघटनेची असते. एनडीएचा फॉर्म भरण्याआधी या वाक्याचा अर्थ काय यावर विचार करायचा असेल, तर हे अंक वाईट नाहीत.

इथे एक गोष्ट बोलून टाकतो. आमच्यापैकी बऱ्याच जणांच्या ट्रंकेवर आणि पाण्याच्या बाटलीवर पनिशरची पांढरी कवटी चिकटवलेली असते. दिसायला कडक आहे, मान्य. पण फ्रँक कॅसल, म्हणजे पनिशर, फेब्रुवारी १९७४ च्या 'स्पायडर-मॅन' १२९ मध्ये पहिल्यांदा आला तेव्हा तो दुसऱ्याच्या खोट्या सांगण्यावर विश्वास ठेवून एका निरपराध माणसाला मारायला निघाला होता. तो निरपराध म्हणजे स्पायडर-मॅन. पुढे २०१९ च्या एका अंकात पोलिसांच्या गाडीवर हीच कवटी पाहून पनिशर स्वतः ते स्टिकर फाडतो आणि आदर्श हवा असेल तर कॅप्टन अमेरिकाकडे बघा असं त्यांना सुनावतो. ज्याची कवटी आपण लावतो त्यालाच ती आपल्या गाडीवर नको आहे. स्टिकर काढा असं मी म्हणत नाही, आधी अंक वाचा.

बाकीचं भराभर. 'एक्स-मेन'ची 'डार्क फिनिक्स' (१९८०, क्लेरमाँट आणि बर्न) उत्तम, पण त्या टोळीतली माणसं आधी ओळखीची हवीत. 'ऑल-स्टार सुपरमॅन' परीक्षा संपल्यावर, घरी, निवांत वाचायचं. 'द किलिंग जोक' सगळे सुचवतात, मी नाही. त्यात बार्बरा गॉर्डनला गोळी लागते ती फक्त तिच्या वडिलांना छळण्यासाठी, आणि तिचं काय झालं याकडे कथा वळूनही बघत नाही. लेखक मूर यांनी स्वतःही पुढे त्या पुस्तकाबद्दल नाराजी बोलून दाखवली आहे. आणि माझ्या शेजारच्या कॉटवरचा मित्र ऐकणार नाही म्हणून लिहितो: राज कॉमिक्सचा सुपर कमांडो ध्रुव हिंदीतच वाचा. तोही १९८७ चा, 'इयर वन'च्याच वर्षीचा, आणि त्याच्याकडेही कुठलीच दैवी शक्ती नाही.

पालकांना कॉमिक्स म्हणजे वेळेचा अपव्यय वाटतो. माझ्या आजोबांनी मात्र इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक दोरीने बांधून ठेवले आहेत. त्यांतला वेताळ हा मूळ ली फॉक यांचा फँटम. तो १९३६ चा, म्हणजे सुपरमॅनपेक्षाही दोन वर्षांनी मोठा. अमेरिकेतही १९५४ मध्ये मुलं बिघडतात म्हणून प्रकाशकांनी कॉमिक्ससाठी नियमावली केली होती. १९७१ साली सरकारी आरोग्य खात्याच्या विनंतीवरून स्टॅन ली यांनी अमली पदार्थांच्या विरोधात कथा लिहिली, तर नियमावलीने शिक्का नाकारला, कारण विषयच निषिद्ध होता. ते तीन अंक शिक्क्याशिवाय छापले गेले आणि नंतर नियम बदलावा लागला.

म्हणून ग्रंथालयाकडे माझी मागणी छोटी आहे. एका फळीवर स्पायडर-मॅनचे ते अंक असलेला संग्रह आणि कॅप्टन अमेरिका सगळ्यांसाठी, 'इयर वन' नववीपासून पुढे, आणि 'वॉचमन' अकरावी-बारावीसाठी. आत्ता ही पुस्तकं ट्रंकेच्या तळाशी, स्वेटरखाली असतात, आणि कोणी काय कुठल्या वयात वाचतो हे कोणालाच माहीत नसतं.

तोवर माझी 'इयर वन'ची प्रत फिरते आहे. सध्या ती आठवीतल्या एका कॅडेटकडे आहे आणि त्याच्यामागे चौघांचे नंबर लागलेत. तोही नियमात बसत नाही, पण फळी अजून झालेली नाही. पानं दुमडू नका, आणि परत देताना मेसमधल्या वरणाचे डाग नकोत.