गुण मोजले, प्रकृतीचे काय?

दहावी-बारावीचे निकाल लागले, की नागपूर विभागीय मंडळाच्या सहाही जिल्ह्यांची टक्केवारी दशांश चिन्हापुढील दोन आकड्यांपर्यंत जाहीर होते आणि कोणता जिल्हा पुढे, कोणता मागे, याची चर्चा चार दिवस रंगते. परंतु ज्या मुलामुलींनी हे गुण मिळविले त्यांच्या अंगात रक्त किती, त्यांना झोप किती आणि त्यांच्या मनाला स्वस्थता किती, हे सांगणारा एकही रकाना त्या कोष्टकात नसतो. जे मोजले जात नाही त्याकडे शासनाचे लक्ष जात नाही आणि पालकांचेही नाही!

साधनांची वाण आहे, असे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ सालीच ५ ते १९ वर्षे वयाच्या मुलांसाठी वाढीचे तक्ते सिद्ध केले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींत रक्तक्षयाचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ५४ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ५९ टक्क्यांवर गेले. विदर्भाने हा आकडा अधिकच सावधपणे वाचला पाहिजे. येथील अनेक समाजांत सिकलसेलचा आनुवंशिक विकार आहे आणि त्यातून उद्भवणारा रक्तक्षय लोहाच्या गोळ्यांनी बरा होत नाही. तेव्हा 'रक्त कमी' एवढाच शेरा मारून थांबणारी तपासणी अपुरी होय. तिने कारणही शोधले पाहिजे.

मनाचे मोजमाप कसे करणार, असा आक्षेप घेतला जाईल. मन आनंदी, शांत व उत्साही असते काय, सकाळी ताजेतवाने वाटते काय, दिवसात रस वाटतो काय, असे अवघे पाच प्रश्न विचारणारी जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली १९९८ पासून उपलब्ध आहे. तापमापक रोगाचे नाव सांगत नाही, पण वैद्याला बोलावण्याची वेळ झाली एवढे निश्चित सांगतो. या प्रश्नावलीचे कार्यही तेवढेच.

१० ते १९ वर्षांच्या मुलांसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून चालू आहे आणि पोषण व मानसिक आरोग्य हे दोन्ही विषय त्यात अंतर्भूत आहेत. देशव्यापी पाहण्या काही वर्षांच्या अंतराने होतात; कोणत्या शाळेतील मुलींना आज उपचार हवेत, हे त्यांतून कळत नाही. यासाठी महापालिका व शिक्षणखाते यांनी वर्षातून एकदा शाळा-महाविद्यालयांत तपासणी करावी, मुलांची नावे गुप्त ठेवावीत आणि प्रभागवार निष्कर्ष नागरिकांपुढे मांडावेत. मात्र त्यांतून शाळांची नवी चढाओढ निर्माण होता कामा नये. ज्याला उणीव आढळेल त्याला औषध, आहार वा समुपदेशन मिळाले, तरच या मोजणीला अर्थ. एरवी ती आणखी एक निरर्थक गुणपत्रिका ठरेल.