एकाच मतदाराची दोन मते: त्रिपुरी, १९३९

जबलपूरच्या गढा भागातील वैद्यकीय महाविद्यालयाला नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव आहे. नेताजींचा या परिसराशी असलेला सर्वांत गाजलेला संबंध मार्च १९३९ मधला. गढ्याच्या पश्चिमेला तेवर नावाचे गाव आहे. तीच कलचुरींची जुनी राजधानी त्रिपुरी, आणि काँग्रेसचे त्या वर्षीचे अधिवेशन याच नावाने ओळखले जाते. मराठी वाचकाला गढा-मंडला ठाऊक असते ते राणी दुर्गावतीमुळे आणि नागपूरकर भोसल्यांच्या इतिहासामुळे. परंतु माणसे मत देताना नीतिमूल्यांचा आधार कसा घेतात, या प्रश्नाच्या अभ्यासकालाही या भूमीकडे दुर्लक्ष करता येणार नाही.

घटनाक्रम असा. २९ जानेवारी १९३९ रोजी काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी निवडणूक झाली. प्रांतोप्रांतीच्या प्रतिनिधींनी सुभाषबाबूंना १,५८० आणि पट्टाभी सीतारामय्या यांना १,३७७ मते दिली. लगेच गांधीजींनी निवेदन काढले की, पट्टाभींचा हा पराभव त्यांच्यापेक्षा आपलाच अधिक आहे. त्यानंतर कार्यसमितीच्या बहुसंख्य सदस्यांनी राजीनामे दिले. मार्चमध्ये अधिवेशन भरले तेव्हा सुभाषबाबू तापाने फणफणलेले होते आणि गांधीजी तिथे नव्हतेच. राजकोटच्या प्रश्नावरील उपोषण त्यांनी नुकतेच सोडले होते. या अधिवेशनात गोविंद वल्लभ पंतांनी ठराव मांडला. गांधीजींच्या नेतृत्वावर विश्वास, जुन्या कार्यसमितीवर घेतल्या गेलेल्या संशयाबद्दल खेद, आणि नवी कार्यसमिती अध्यक्षांनी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी, असा त्याचा आशय होता. ठराव संमत झाला. ज्यांनी सहा आठवड्यांपूर्वी अध्यक्ष निवडला होता, त्याच प्रतिनिधिवर्गाने अध्यक्षाचा मुख्य अधिकार त्याच्या हातून काढून घेतला. एप्रिलच्या अखेरीस सुभाषबाबूंनी राजीनामा दिला.

या घटनेचे राजकीय अर्थ पुष्कळ लावले गेले आहेत. गटबाजी, संघटनेवरची पकड, समाजवाद्यांची तटस्थता ही सारी कारणे खरी आहेत. तरीही एक प्रश्न उरतो. त्या सहा आठवड्यांत प्रतिनिधींची मूल्ये बदलली होती काय? इतक्या थोड्या काळात माणसाची नीती बदलत नसते. बदलला होता तो प्रश्न. जानेवारीत विचारले गेले होते की, ब्रिटिशांच्या संघराज्य योजनेशी तडजोड होऊ नये यासाठी अध्यक्षपदी कोण हवा. मार्चमध्ये विचारले गेले की, वडीलधाऱ्याचा शब्द राखायचा की मोडायचा. पहिल्या प्रश्नाने स्वातंत्र्याची आणि निर्धाराची मूल्ये जागी केली, दुसऱ्याने निष्ठेची, ऋणाची आणि भिडेची. शिवाय पहिले मत ज्याने त्याने आपापल्या प्रांतात दिले होते, दुसरे सर्वांसमक्ष द्यायचे होते. आणि भीड ही चारचौघांत अधिक पडते.

मूल्ये आणि मतदान यांच्या संबंधावरील आजचे संशोधन या ठिकाणी उपयोगी पडते. अर्थशास्त्रज्ञ बेंजामिन एन्के यांनी २०२० मध्ये ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’त या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. माणसांच्या नैतिक जाणिवा त्यांनी एका मापावर मांडल्या. मापाच्या एका टोकाला सार्वत्रिक नीती आहे: न्याय, हक्क, परक्याचीही काळजी. दुसऱ्या टोकाला आप्तनीती आहे: निष्ठा, आपल्या समूहाशी इमान, वडीलधाऱ्यांचा मान. २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीत आप्तनीतीकडे कल असलेल्या मतदारांचा आणि प्रदेशांचा ओढा डोनाल्ड ट्रम्प यांच्याकडे अधिक होता, असे त्यांना आढळले. याहून महत्त्वाचा भाग पुढेच आहे. एन्के यांनी उमेदवारांची भाषणेही शब्द मोजून तपासली. त्यांच्या विवेचनात बाजारासारख्या दोन बाजू आहेत, मतदाराची मागणी आणि पुढाऱ्याचा पुरवठा. मतदाराजवळ मूल्यांचा साठा असतो. त्यातले कोणते बाहेर येईल, हे पुढाऱ्याच्या भाषेवरही अवलंबून असते. पंतांचा ठराव हा असाच पुरवठा होता.

अशा संशोधनाच्या बातम्या मराठीत येतात तेव्हा त्यांच्या मथळ्यांत एक गफलत हमखास होते. ‘नीतिमूल्यांवर मतदान’ म्हणजे शुद्ध, निःस्वार्थ मतदान, असा अर्थ घेतला जातो. मग सुशिक्षित शहरी मतदार मूल्यांवर मत देतो आणि गावाकडचा गरीब मतदार जातीवर किंवा पैशावर, अशी सोयीची वाटणी केली जाते. ज्या विज्ञानाच्या नावाने हे बोलले जाते, ते विज्ञान असे म्हणतच नाही. मानवशास्त्रज्ञ रिचर्ड श्वेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भुवनेश्वरमध्ये अनेक वर्षे अभ्यास करून दाखवले की, नीती ही व्यक्तीचे हक्क आणि इजा एवढ्यापुरती नसते. समूहाचे कर्तव्य आणि पावित्र्य यांचीही नीती असते, आणि ती पाळणाऱ्याला ती तितकीच बंधनकारक वाटते. जोनाथन हाइट हेही तरुणपणी भुवनेश्वरला जाऊन राहिले होते. काळजी, न्याय, निष्ठा, अधिकार, पावित्र्य असे नीतीचे अनेक पाये मानणारा त्यांचा सिद्धान्त याच विचारातून पुढे आला. जगभर वापरल्या जाणाऱ्या नैतिक प्रश्नावलीच्या मुळाशी ओडिशातले वाडे आणि अंगणे आहेत, हे आपल्याकडच्या वर्गांत क्वचितच सांगितले जाते.

तेव्हा, खाल्ल्या मिठाला जागणारा मतदार अनीतिमान नसतो. अडचणीच्या वेळी दवाखान्यात धावून आलेल्या कार्यकर्त्याला मत देणे ही कृतज्ञता असते. जातभाईला मत देणे ही पुष्कळदा निष्ठा असते. ती निष्ठा योग्य की अयोग्य, हा वाद जरूर घालावा. परंतु समोरच्याजवळ मूल्येच नाहीत असे गृहीत धरून घातलेला वाद पहिल्याच वाक्यात हरलेला असतो.

ही निष्ठा दगडावरची रेघ नसते, याचाही पुरावा भारतातच आहे. २००७ च्या उत्तर प्रदेश विधानसभा निवडणुकीच्या वेळी अभिजित बॅनर्जी, रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण भागात एक प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने निवडलेल्या काही गावांत ‘जातीवर नव्हे, प्रश्नांवर मत द्या’ असा पक्षनिरपेक्ष प्रचार झाला. त्या गावांत जातीनुसार होणारे मतदान घटले आणि गंभीर गुन्ह्यांचे आरोप असलेल्या उमेदवारांची मतेही कमी झाली. भ्रष्ट उमेदवारांना मत देऊ नका, असा दुसरा प्रचारही अन्य गावांत झाला होता; त्याचा परिणाम मात्र दिसला नाही. दोन्ही संदेश नैतिकच होते. एकाने मतदारापुढे दुसरा प्रश्न ठेवला, दुसऱ्याने फक्त निषेध केला. या फरकाचे हे स्पष्टीकरण संशोधकांचे नव्हे, परंतु त्रिपुरीच्या आठवणीशी ते जुळते.

मूल्यांचे मतदान निःस्वार्थ नसते, एवढ्यावर हा विषय संपत नाही. ते निरुपद्रवीही नसते. सामाजिक मानसशास्त्रज्ञ लिंडा स्किटका यांनी नैतिक दृढविश्वासावर दीर्घकाळ काम केले आहे. एखादी भूमिका माणसाला केवळ पसंत असणे वेगळे आणि ती त्याला नैतिक वाटणे वेगळे, असा भेद त्या करतात. भूमिका नैतिक झाली की माणूस मतदानाला अधिक उत्साहाने जातो. येथवर लोकशाहीचा लाभच आहे. परंतु त्याबरोबर दुसरेही घडते. अपेक्षित निकाल लागला नाही तर, तो लागण्याची पद्धत कितीही रास्त असली तरी, अशा माणसाला ती मान्य होत नाही. साध्य इतके पवित्र ठरते की साधनाची रास्तता गौण होते.

त्रिपुरीत हेच घडले. निवडणूक नियमाने झाली होती, मतमोजणीवर कोणाचा आक्षेप नव्हता, २०३ मतांचे अंतर उघड होते. पराभूत पक्षाने निकाल खोटा ठरवला नाही. त्याने तो नैतिकदृष्ट्या अपुरा ठरवला आणि निष्ठेचे दुसरे मतदान घेऊन पहिल्याचा अर्थ पुसून टाकला. यात दुष्टपणा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. ठरावाच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत सत्तेसाठी हपापलेले थोडे आणि गांधीजींविना लढा उभाच राहणार नाही असे मनोमन मानणारे अधिक असावेत. त्यांची नीती खरी होती, म्हणूनच ती इतकी परिणामकारक ठरली.

या अधिवेशनाचे स्वागताध्यक्ष होते जबलपूरचे सेठ गोविंद दास. पुढे ते दीर्घकाळ या शहराचे लोकसभेतील प्रतिनिधी राहिले. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि रिक्त जागेच्या पोटनिवडणुकीत इतिहासाने आणखी एक प्रकरण जबलपूरच्या पदरात टाकले. जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनाचा तो काळ होता. १९३९ मध्ये ज्या काँग्रेस समाजवादी पक्षाने त्रिपुरीत तटस्थ राहणे पत्करले, त्याचे जयप्रकाश हे एक प्रमुख नेते होते. आता विरोधकांनी जबलपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेल्या शरद यादव या सत्तावीस वर्षांच्या विद्यार्थी नेत्याला उभे केले आणि काँग्रेसचा हा गड पडला. सेठजींवरच्या कृतज्ञतेने ज्यांनी वर्षानुवर्षे काँग्रेसला मत दिले, त्यांच्यातल्याच अनेकांनी या वेळी भ्रष्टाचार आणि महागाई यांविरुद्ध मत दिले असणार. एका निकालावरून प्रत्येक मतदाराचा हेतू सांगता येत नाही, हे संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको. पण पुढे ठेवलेला प्रश्न बदलला होता, एवढे निश्चित.

खरी कसोटी त्यानंतर आली. आणीबाणीत, १९७६ च्या आरंभी, संसदेने लोकसभेची मुदत एका वर्षाने वाढवली. संविधानाच्या ८३ व्या अनुच्छेदानुसार आणीबाणीत तसे करता येत होते. कायद्याच्या अंगाने त्यात खोट नव्हती. पुण्याचे मधू लिमये तेव्हा बिहारमधील बांका मतदारसंघाचे खासदार होते आणि मध्य प्रदेशातील नरसिंहगडच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. त्यांनी आणि त्यांचे तरुण सहकारी शरद यादव यांनी लोकसभेचा राजीनामा दिला. भूमिका साधी होती: लोकांनी पाच वर्षांसाठी निवडून दिले आहे, सहाव्या वर्षाचे मत कोणी दिलेले नाही. यादवांच्या राजकारणाने पुढे अनेक वळणे घेतली, ती सारी समर्थनीय होती असे कोणी म्हणणार नाही. त्याने या राजीनाम्याचे मोल घटत नाही.

लिमये आणि यादव यांच्या कृतीत जे मूल्य होते, ते निष्ठेचे नव्हते, पावित्र्याचे नव्हते, परक्याविषयीच्या काळजीचेही नव्हते. मतदाराने दिलेल्या अधिकाराची मर्यादा पाळणे, हे ते मूल्य. त्रिपुरीत नेमके तेच हरवले होते. मतदानाच्या नैतिक अभ्यासात मात्र या मूल्याला जागा फार थोडी आहे. हाइट यांच्या परंपरेतील प्रचलित प्रश्नावलीत न्याय, निष्ठा, आज्ञापालन यांविषयी प्रश्न आहेत. आपला उमेदवार हरला तर निकाल मान्य कराल काय, किंवा आपलाच नेता मुदत ओलांडून खुर्चीवर राहिला तर त्याला पाठिंबा द्याल काय, असे प्रश्न नाहीत. राज्यशास्त्रात ‘पराभूतांची संमती’ या नावाने याचा वेगळा अभ्यास होतो. क्रिस्टोफर अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा त्यावरील ग्रंथ २००५ चा आहे. परंतु मानसशास्त्राची नैतिक प्रश्नावली आणि राज्यशास्त्राचा हा अभ्यास अजून बहुतांशी वेगवेगळ्या वाटांनी चालतात.

भारतात हे जोडकाम होण्यासारखे आहे. लोकनीतीच्या राष्ट्रीय निवडणूक अभ्यासांमुळे मतदारांना घरी जाऊन प्रश्न विचारण्याची शिस्त येथे रुजलेली आहे, आणि त्या परंपरेत सुहास पळशीकर, राजेश्वरी देशपांडे यांच्यासारखे मराठी अभ्यासक अग्रभागी राहिले आहेत. प्रश्न मतदाराच्या भाषेतले हवेत. इंग्रजी प्रश्नावलीतील ‘लॉयल्टी’चा शब्दकोशातला प्रतिशब्द देऊन भागणार नाही, मिंधेपणा, भीड, शब्द पाळणे, मिठाला जागणे या चार गोष्टी मराठी मतदार वेगवेगळ्या ओळखतो, आणि त्यातल्या पहिलीची त्याला लाज वाटते तर शेवटचीचा अभिमान. जबलपूरच्या हिंदी-बुंदेली बोलणाऱ्या मतदाराचे असेच आपले शब्द असतील. त्या शब्दांत, आणि त्याच प्रश्नावलीत, हरल्यानंतरचे दोन प्रश्नही घालता येतील. मतदानापूर्वी एकदा आणि निकालानंतर महिन्याभराने पुन्हा त्याच माणसांना ते विचारायचे. दोन्ही वेळची उत्तरे सारखी निघतात की त्यांत त्रिपुरीच्या सहा आठवड्यांएवढे अंतर पडते, हे त्यावरून मोजता येईल.