दिवाळीच्या कार्डावर घुबड

आमच्या प्रोजेक्टचा क्लायंट कॅनडातला. दर डिसेंबरात त्यांच्याकडून टीममधल्या प्रत्येकाला एक कार्ड येतं. ईमेल नाही, व्हॉट्सअ‍ॅप नाही, चांगलं जाड कागदावर छापलेलं, पाकिटातलं कार्ड. त्यावर सांताक्लॉज नसतो, चमकी नसते. तिकडच्या कुणा चित्रकाराने पेन्सिलीने काढलेला उत्तरेकडचा एखादा प्राणी असतो. एका वर्षी कॅरिबू होता, एकदा लिंक्स, गेल्या खेपेला लून नावाचा पाणपक्षी. मागच्या बाजूला बारीक अक्षरात प्राण्याचं नाव, तो कुठे राहतो, आणि चित्रकाराचं नाव. बास. बाकी "नव्या वर्षाच्या शुभेच्छा" एवढंच.

ही कार्डं मी टाचणीने माझ्या डेस्कसमोर लावून ठेवली आहेत. परिणाम असा की आज मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी लून ओळखता येतो. कॅनडाच्या एक डॉलरच्या नाण्यावर 1987 पासून तोच आहे, म्हणून त्या नाण्याला लोक 'लूनी' म्हणतात, हेसुद्धा माहीत झालंय. पंचवीस सेंटच्या नाण्यावर कॅरिबू.

आणि दिवाळीत आम्ही त्यांना काय पाठवतो? पणती. इंटरनेटवरच्या फुकटच्या चित्रांतून उचललेली पणती, कोपऱ्यात रांगोळी, खाली कंपनीचा लोगो. तीही ईमेलने. दरवर्षी फक्त वर्षाचा आकडा बदलतो. (एकदा तोही बदलायचा राहिला होता. असो.)

मी मूळचा जळगावचा. कॅनडावाल्यांना उत्तर म्हणजे बर्फ, आम्हाला उत्तर म्हणजे सातपुडा. यावल-रावेरच्या रस्त्याला लागलं की समोर निळसर भिंत उभी राहते, ती आमची उत्तर. तिथे यावल अभयारण्य आहे, पावणेदोनशे चौरस किलोमीटरच्या आसपास, 1969 मध्ये घोषित झालेलं. पलीकडे धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात अनेर धरणाचं अभयारण्य. लहानपणी पालला सहल जायची, तेव्हा सरांनी 'इथे काय काय आहे' ते सांगितलं असणार. मला आठवतात ते फक्त डब्यातल्या कळण्याच्या पुऱ्या आणि बसमधली गाणी.

पण एक माणूस होता ज्याने मला सांगायचा प्रयत्न केला होता. माझा धुळ्याचा मामा. चित्रकलेचा शिक्षक. दर दिवाळीला सगळ्या भाचरांना पन्नास पैशांच्या पोस्टकार्डावर स्वतः चित्र काढून शुभेच्छा धाडायचा. काळी शाई आणि टाक. तरस, सायाळ, नीलगाय, मोर, खवल्या मांजर. त्या वेळी माझ्या मित्रांना गाणं वाजणारी ग्रीटिंग्ज यायची, उघडलं की टिंग टिंग सुरू. मला यायचं पोस्टकार्डावर तरस! मी ते कुणाला दाखवायचो नाही. आईने मात्र सगळी जपून ठेवली, स्टीलच्या डब्यात, रेशनकार्डाच्या शेजारी.

परवा घरी गेलो तेव्हा तो डबा उघडला. त्यात एक घुबड सापडलं, खाली मामाच्या वळणदार अक्षरात 'रानपिंगळा, सातपुडा'. आणि मी उडालोच, कारण रानपिंगळ्याबद्दल मी नुकतंच वाचत होतो. ही गोष्ट खानदेशातल्या प्रत्येक पोराला पाठ असायला हवी आणि मला ती सत्ताविसाव्या वर्षी समजली.

गोष्ट अशी. 1872 मध्ये आजच्या छत्तीसगडच्या भागात एक छोटं घुबड मारलं गेलं. पुढच्या वर्षी अ‍ॅलन ह्यूम यांनी त्याला नवी जात म्हणून नाव दिलं (हो, तेच काँग्रेसवाले ह्यूम). मग 1880 च्या दशकात खानदेशात नेमणुकीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या गोऱ्या अधिकाऱ्याने इथे त्याचे काही नमुने मिळवले. 1884 नंतर हा पक्षी खात्रीने कुणाला दिसलाच नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सात पेंढा भरलेले नमुने, तेवढाच त्याचा पुरावा. मोठमोठे लोक शोधून थकले. शेवटी 25 नोव्हेंबर 1997 रोजी पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या तीन अमेरिकन पक्षीतज्ज्ञांना शहाद्याजवळच्या जंगलात, दिवसाढवळ्या, निष्पर्ण झाडावर बसलेला तो दिसला. 113 वर्षांनी! शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं, नंदुरबार वेगळा झाला 1 जुलै 1998 ला. म्हणजे आमच्याच जिल्ह्यांच्या पट्ट्यात, माझ्या जन्माच्या वर्षी.

इतकी वर्षं का लागली, याचं एक कारण फार मजेशीर आहे. रिचर्ड माइनर्ट्झहागन नावाचे एक ब्रिटिश कर्नल आणि पक्षीसंग्राहक होते. त्यांच्याकडे या घुबडाचा एक नमुना होता, त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : मांडवी, तापीकाठ, 1914. मांडवी म्हणजे गुजरातेतली. लोक त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून तिथे शोधायला जायचे आणि हात हलवत परत यायचे. नंतर रासमुसेनबाईंनी तपासलं तर तो नमुना चोरीचा निघाला! डेव्हिडसनने मिळवलेलाच एक पक्षी कर्नलसाहेबांनी ब्रिटिश म्युझियममधून उचलला, पेंढा काढून पुन्हा भरला आणि खोटी चिठ्ठी लावली. ज्याला कधी सॉफ्टवेअरमध्ये चुकीची कॉमेंट वाचून तीन दिवस भलतीकडेच बग शोधावा लागलाय, त्याला हे दुःख लगेच कळेल.

तर डोक्यात विचार आला की यंदा क्लायंटला मामाचा रानपिंगळा पाठवायचा. मी टीमच्या चॅटवर चित्राचा फोटो टाकला. पहिली दोन मिनिटं शांतता. मग एकाने लिहिलं, "घुबड? दिवाळीला?" दुसऱ्याने हसणारे चेहरे टाकले. मॅनेजरने सभ्यपणे "आपण थोडं फेस्टिव्ह ठेवूया" असं सुचवलं. म्हणजे पणती.

मला राग आला, पण मग वाटलं की यांचं तरी काय चुकलं? आपल्याकडे घुबड म्हणजे अपशकुन, शिवी, घराच्या पत्र्यावर बसलं की दगड. आणि त्याच वेळी ते लक्ष्मीचं वाहन. या दोन्हींचा हिशोब घुबडाच्याच अंगाशी येतो. 2010 मध्ये 'ट्रॅफिक' या संस्थेने भारतातल्या घुबडांच्या व्यापारावर अहवाल काढला होता. जादूटोणा आणि बळी देण्यासाठी घुबडं पकडली जातात आणि दिवाळीच्या सुमाराला ही मागणी वाढते, असं त्यात आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबड पकडणं, विकणं गुन्हा आहे, तरीही. म्हणजे घुबडाच्या दृष्टीने वर्षातला सगळ्यात वाईट सण दिवाळी. मग त्याचं चित्र दिवाळीच्या कार्डावर नाही टाकायचं तर कधी टाकायचं? पर्यावरण दिनाच्या फ्लेक्सवर?

'हे आपल्या संस्कृतीत बसत नाही' हे उत्तर मला पटत नाही. कार्डावर काय बसतं ते कुणीतरी बसवलेलं असतं. छापून विकलेलं पहिलं ख्रिसमस कार्ड 1843 मध्ये लंडनमध्ये हेन्री कोल यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून काढून घेतलं. त्यावर पक्षीबिक्षी काही नव्हतं, एक कुटुंब जेवायला बसलं होतं. लाल छातीचा रॉबिन कार्डांवर आला तो नंतर, आणि त्याचं एक कारण सांगतात ते चक्क पोस्टमन. तिकडच्या पोस्टमनचे कोट लाल होते, म्हणून लोक त्यांनाच रॉबिन म्हणायचे. मग चित्रकारांनी चोचीत पत्र धरलेला रॉबिन काढला आणि बघता बघता तो सणाचा पक्षी झाला. जळगावच्या दुकानात मी लहानपणी तोच पक्षी बर्फात बसलेला बघितलाय. मे महिन्यात 45 अंश सोसणाऱ्या गावात!

यावर माझा एक मित्र म्हणतो, कार्ड छापून घुबड वाचतं का? नाही वाचत. रानपिंगळ्याला ढोली असलेली जुनी झाडं लागतात, सागाचं जंगल लागतं, ते तोडलं की संपलं. पण ज्याचं नावच कुणाला माहीत नाही त्याचं झाड तोडलं तर ओरडणार कोण? अर्थात उलटा धोकाही आहे. नेमकी जागा छापली की शनिवार-रविवारी कॅमेरे घेऊन गाड्या पोचतात आणि घरट्यासमोर जत्रा भरते. म्हणून कार्डाच्या मागे 'सातपुडा' एवढंच लिहायचं असं मी ठरवलं. ऑफिस नाही तर नाही, स्वतःच्या पैशाने छापायचं.

आणि इथे खरा घोळ झाला. छापण्याआधी म्हटलं एकदा पुस्तकातल्या वर्णनाशी ताडून बघू. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळपास नसतातच. पंखांवर आणि शेपटीवर ठसठशीत पांढरे पट्टे, पोट पांढरं. डोकंभर पांढरे ठिपके असतात ते साध्या पिंगळ्याच्या, जो गावोगावी दिसतो. मामाच्या चित्रात डोकं ठिपक्यांनी भरलेलं. एकेक ठिपका मोठ्या निगुतीने सोडलेला. म्हणजे लहानपणापासून माझ्याकडे असलेला 'रानपिंगळा' हा देवपुरातल्या घरामागच्या निंबावरचा पिंगळा होता. चिठ्ठी चुकीची!

दोन दिवस विचार केला. कुणाला कळणार होतं? क्लायंटला तर नाहीच. पण कर्नलसाहेब डोक्यातून जाईनात. शेवटी मामाला फोन केला. मामा आता एकाहत्तरचा आहे. मी जरा चाचरतच सांगितलं. पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाला, "पेपरात बातमी आली होती रे शहाद्याची. फोटो होता काळापांढरा, एवढासा. मला वाटलं पिंगळाच तो, फक्त रानातला. मग आपल्या निंबावरचा बघून काढला." आणि मग, "फोटो धाड. नीट, मोठा धाड."

तीन आठवडे लागले. हात थरथरतो, टाक आता धरवत नाही, पेन्सिलीने काढलं. पहिल्या दोन चित्रांत सवयीने डोक्यावर ठिपके पडलेच, ती त्याने स्वतःच फाडली. तिसऱ्यात पक्षी उतरला. गोल साधं कपाळ, पिवळे डोळे (एवढाच एक रंग), शेपटीवर पट्टे, सागाची वाळकी फांदी. मागे मजकूर : रानपिंगळा. सातपुडा. दिवसा हिंडणारं घुबड. खाली मामाचं नाव, जे त्याने आधी घालू दिलं नाही आणि नंतर अक्षर लहान झालं म्हणून कुरकुर केली.

जळगावच्या छापखान्यात शंभरपेक्षा कमी छापत नाहीत म्हणून शंभर छापली. तीस कॅनडाला गेली. तिकडच्या एकाने त्याच्या डेस्कचा फोटो पाठवला, लूनच्या शेजारी रानपिंगळा. बाकीची नातेवाइकांना पोस्टाने.

पहिला फोन मोठ्या मावशीचा, साक्रीहून. "हाई काय शे भाऊ, दिवाळीले घुबड?" देवघरात नाही ठेवलं म्हणाली, टीव्हीच्या मागे ठेवलंय. मग जरा थांबून विचारलं, तुझ्या मामाची नजर आता अगदीच गेली का, डोक्यावरचे ठिपके काढायचे विसरला तो.