दुसरा स्पीकर वाजत का नाही?

चैत्रोत्सवात खानदेशातून निघालेले अनेक पदयात्री देवळा, कळवण, नांदुरी करत सप्तशृंगगडावर पोहोचतात. मोठ्या मंडळांबरोबर गाडी, जनरेटर, मोठा साउंड असतो. लहान गटात कोणाच्या तरी खांद्याला चार्जिंगचा स्पीकर अडकवलेला दिसतो. रांग लांबली की मागच्यांना गाणं ऐकू येत नाही. मग पिशवीतला दुसरा स्पीकर बाहेर निघतो. दोन्ही एकदम वाजवायचे कसे, इथे गाडी अडते आणि कोणीतरी म्हणतं, "पोराकडे दे, त्याला जमेल."

हे वाक्य ऐकलं की मला वाईट वाटतं. वय झालेली, शेतात आयुष्य काढलेली माणसं स्वतःला अडाणी ठरवून मोकळी होतात. अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ सालच्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे की, रोजच्या वस्तू वापरताना माणूस चुकतो तेव्हा दोष बहुतेकदा वस्तूच्या रचनेत असतो. स्पीकरच्या जोडणीला हे तंतोतंत लागू पडतं.

प्रत्यक्षात काय करावं लागतं ते पाहा. आधी फोन पहिल्या स्पीकरला जोडायचा. मग एक बटण दोनदा दाबायचं की दाबून धरायचं, हे मॉडेलवर अवलंबून. बटणावर कुठे आडवा आठ काढलेला, तर कुठे खूणच नाही; दोन बटणं एकदम दाबायची हे कागद वाचणाऱ्यालाच ठाऊक. निळा दिवा कधी भरभर लुकलुकतो, कधी सावकाश. आतून एक बाई इंग्रजीत काहीतरी सांगते. त्यात दुसरा स्पीकर काल भाच्याच्या फोनला जोडलेला असला आणि भाचाही गटात असला, तर चालू होताच तो त्याच फोनला जाऊन चिकटतो. जोडी जमत नाही आणि का जमत नाही, हे कोणी सांगत नाही.

अडचणीचं मूळ तंत्रात आहे. ब्लूटूथवरून गाणं ऐकवण्याची रुळलेली पद्धत एक फोन आणि एक स्पीकर एवढ्यासाठीच आखलेली होती. दुसऱ्यापर्यंत गाणं न्यायचं आणि दोघांनी ते एकाच क्षणी वाजवायचं, ही सोय प्रत्येक कंपनीनं आपापल्या परीनं केली. म्हणून एका कंपनीचा स्पीकर सहसा दुसरीच्या स्पीकरला ओळखत नाही. एकाच कंपनीतही तीच गत. जेबीएलचा 'कनेक्ट प्लस'वाला स्पीकर 'पार्टीबूस्ट'वाल्याशी जुळत नाही आणि 'पार्टीबूस्ट'वाला नव्या 'ऑराकास्ट'वाल्याशी जुळत नाही. कांद्याचे पैसे आले तेव्हा एक घेतला, दोन वर्षांनी त्याच नावाचा दुसरा घेतला, तरी जोडी लागेल याची खात्री नाही.

जोडी जमली तरी काम संपत नाही. स्टिरिओवर ठेवले तर एकातून डावा, दुसऱ्यातून उजवा आवाज येतो. घरात ते छान वाटतं, पण रस्त्यावर पुढच्यांना ढोलकी जास्त आणि मागच्यांना पेटी जास्त, असंही होऊ शकतं. तिथे दोन्हीतून पूर्ण गाणंच हवं. शिवाय आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. दोन स्पीकरांत ३४ मीटर अंतर पडलं, तर एकाजवळ उभ्या माणसाला दुसऱ्याचा आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशिरा येतो आणि गाणं घुमल्यासारखं वाटतं. हा स्पीकरचा बिघाड नव्हे, हे कोणीतरी सांगायला हवं.

'ऑराकास्ट' हे नाव ब्लूटूथ एसआयजी या संघटनेनं २०२२ मध्ये पुढे आणलं. त्यात एकाकडून अनेकांना रेडिओसारखं प्रसारण होतं आणि कंपनीची अट राहत नाही. ही वाट योग्य आहे, पण नुसत्या तंत्रानं भागणार नाही. नांदुरीच्या रस्त्यावर दहा गट एकदम प्रसारण करू लागले, तर त्यातलं आपलं कोणतं हे ठरवायची सोपी खूण रचनाकारालाच द्यावी लागेल.

माझ्या मागण्या साध्या आहेत. जोडणीसाठी एकच बटण, तेही वेगळं, अंधारात बोटाला कळेल असं. दोन स्पीकर जवळ धरले, बटण दाबलं की जोडी लागावी. ॲप, लॉगिन, नेटवर्क काही लागू नये, कारण घाटात रेंजचा भरवसा नसतो. जमलं नाही तर स्पीकरनं मराठीत सांगावं, "मी दुसऱ्या फोनला जोडलेला आहे." एकाची बॅटरी संपली तर दुसरा वाजत राहावा आणि पहिला पुन्हा चालू होताच आपणहून जोडीला यावा.

कंपन्या हे आपणहून करणार नाहीत. गिऱ्हाईक अडून बसलं तर करतील. म्हणून वाचकांना एवढंच सांगणं आहे : दुसरा स्पीकर घ्यायला जाताना घरचा जुना सोबत न्या. दुकानदाराला म्हणा, "भाऊ, दोन्ही माझ्यासमोर जोडून दाखवा, मग मी माझ्या हातानं जोडून बघतो." तुमच्या हातानं जोडी लागली तरच पैसे द्या.