कंडी पिकते तेव्हा

दोस्तहो,

या अंकात महागाईवर लिहायचं ठरलं होतं. ते राहिलं. कारण गेल्या पावसाळ्यात माझ्या कपाळावर चोर म्हणून शिक्का बसला. तो शेठनं मारला नाही, मुकादमानं मारला नाही. माझ्या खांद्याला खांदा लावून लोखंड ओढणाऱ्यानं मारला. त्याच्यावर लिहिल्याशिवाय दुसरं काही लिहवत नाही.

मी वाशीचा. वाशी म्हटलं की मुंबईवाला विचारतो, खाडीपलीकडची का? नाही बाबा. धाराशिव जिल्ह्यातली. जिथनं दिवाळीच्या आगंमागं टोळ्या ऊस तोडायला निघतात, ती वाशी. माय-बाप कोयत्यावर. मी मॅट्रिक झालो, कविता करायला लागलो आणि कंत्राटदाराच्या टोळीतनं गोदीत शिरलो. आम्ही चौदा जण. क्रेननं कॉइल खाली उतरवली की ती सांभाळायची. एकाचं लक्ष उडालं तर दुसऱ्याचा पाय जातो. म्हणजे रोज एकमेकांच्या भरवशावर जिवंत घरी जायचं.

टोळीचा एक फंड आहे. पगाराला माणशी शंभर रुपये. जयंतीची वर्गणी त्यातनं, कुणाचं बोट चेंगरलं तर औषधपाणी त्यातनं. मला लिहिता येतं म्हणून वही माझ्याकडं.

तो भूमकडचा, मांगवाड्यातला. एका डब्यात जेवलेलो आम्ही. त्यानं पोरीच्या फीसाठी फंडातनं पाच हजार मागितले. मी म्हणालो, फंड दुखण्याखुपण्याला आहे, फीला नाही. नियम तसाच होता. पण मी तो साहेबासारखा सांगितला, खुर्चीत बसल्यासारखा. आठ दिवसांत कंडी पिकली : वहीवाल्यानं फंड खाल्ला, त्या पैशात कवितेचं पुस्तक छापतोय.

माझं पुस्तक अजून छापायचंच आहे. पण कंडीला पुस्तक लागत नाही. टोळीचा फोनवर ग्रुप आहे, त्यात कुणीतरी नाव न घेता टाकलं आणि खाली अंगठे उठले. आमच्या बापजाद्यांचा अंगठा सावकाराच्या कागदावर उठायचा, कारण त्यांना वाचता येत नव्हतं. आम्हाला वाचता येतं, तरी आम्ही न वाचता अंगठा उठवतो. चार दिवसांत गोष्ट वाशीला पोचली. बाजारात कुणीतरी मायला विचारलं, पोरगं मुंबईत चांगलं कमवायलंय म्हणं. मायनं फोनवर एवढंच विचारलं, "खरं हाय का रं?" त्या प्रश्नानं मी मोडलो. मग कंडीला जातीचा रंग चढला. "महाराच्या हातात वही दिली की असंच होणार" असं एक जण बोलला. आमचा एक जण उलटून मांगांवर बोलला. पैशाचा विषय दोन मिनिटांत जातीचा झाला.

आता माझं पाप सांगतो. मी काय केलं? मी पण एक कंडी सोडली. म्हणालो, तो मुकादमाचा खबऱ्या आहे. साफ खोटं. पण माझ्या माणसांना ते पटलं, मला बरं वाटलं. तीन आठवडे टोळीत दोन चुली झाल्या. बोलणं बंद. त्याच आठवड्यांत कंत्राटदारानं टोळीतली दोन माणसं कमी केली आणि चौदा जणांचं काम बारांवर टाकलं. एकानंही तोंड उघडलं नाही. उघडणार कसं? एका गटाला वाटलं दुसऱ्यांनीच नावं दिली. मुकादम हसत हजेरी घेत होता. त्याला ना फोडाफोडी करावी लागली, ना कुणाला दमडी द्यावी लागली. त्याचं काम आम्ही दोघांनी फुकटात केलं होतं.

दोस्तहो, मला सांगायचं आहे ते हेच. सोबत्यावरची खोटी कंडी ही खाजगी भानगड नसते. ती मालकासाठी केलेली बिनपगारी पाळी असते.

गोदीला हे नवं नाही. 14 एप्रिल 1944. बाबासाहेबांचा जन्मदिवस. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाज उभं होतं. पोटात सुमारे 1400 टन दारूगोळा, त्याच पोटात कापसाच्या गाठी. दुपारी धूर दिसला. चार वाजून गेल्यावर अर्ध्या तासात दोन स्फोट झाले. गोद्या उडाल्या, वस्त्या जळाल्या, शेकडो माणसं मेली, आग विझवायला गेलेले 66 जवान मेले. दरवर्षी 14 एप्रिलला अग्निशमन दलाचा दिवस पाळतात तो त्यांच्यासाठी. आणि शहरात आवई उठली, जपान्यांनी बॉम्ब टाकले! युद्धाचे दिवस, सरकारनं बातमी दाबून धरलेली. बाहेरच्या जगाला ती आधी सांगितली जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं. शत्रू आभाळातनं आलाच नव्हता. कापूस आणि दारूगोळा एका पोटात कुणी भरला, हा खरा प्रश्न होता. आवई अशीच असते. ती प्रश्नाचं तोंड भलतीकडं फिरवते. आणि जिथं खरी बातमी कुलपात असते, तिथंच ती माजते.

आवईनं माणसं मरतातही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा फोनाफोनी फिरत होती, तेवढ्यावर. मंगळवेढ्याकडची भटकी माणसं. त्यांना कुणी विचारलं नाही, तुम्ही कोण. गरिबावरची अफवा तपासायची असते हेच कुणाला वाटत नाही.

आणि आपल्या चळवळीचं काय? 1972 ला उभी राहिलेली पँथर 1974 ला फुटली. वाद विचारांचा होता, बुद्ध की मार्क्स. विचारांचा वाद व्हावाच, छापून व्हावा, सभेत व्हावा. पण नामदेव ढसाळांवर 'कम्युनिस्ट' हा शिक्का बसला आणि मग बाजूबाजूची पोरं एकमेकांकडं संशयानं बघायला लागली. आजही आपल्या कुठल्याही बैठकीनंतर चहाच्या टपरीवर खरी बैठक भरते : हा विकला गेला, तो सेटिंगवाला, त्याला कुठनं पैसे येतात. पुरावा? "लोक म्हणतात." हे लोक कोण, कुणी बघितलेत? आपण पंचशील घेतो. चौथं शील मुसावादाचं, खोटं न बोलण्याचं. ते काय फक्त विहारात बसल्यावर पाळायचं?

मग करायचं काय? मी ठोकर खाऊन शिकलो ते सांगतो.

पहिलं, हात उचलायचा नाही. हात उचलला की कंडी खरी ठरते, वर गेटपास जातो. दुसरं, उलटी कंडी सोडायची नाही. मी सोडली, त्याची किंमत दोन माणसांनी मोजली. तिसरं, माग काढायचा, भांडत नाही, शांतपणे. तुला कुणी सांगितलं? त्याला कुणी? चौथ्या माणसापाशी दोरा संपतो. चौथं, तोंडासमोर, टोळीसमोर विचारायचं. एकट्याला कोपऱ्यात गाठलं तर उद्या तीच दुसरी कंडी. नोकरीवरच घाला आला तर म्हणायचं, आरोप लेखी द्या, माझी बाजू ऐका. तारखा, साक्षीदार, फोनवरचे मजकूर जपून ठेवायचे. अब्रुनुकसानीचा कायदा आहे, 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेच्या 356 कलमात आहे. पण कोर्टाच्या तारखेला हजेरी बुडते हे ज्याची बुडते त्यालाच कळतं. म्हणून आधी टोळी, मग कोर्ट.

आणि पाचवं सगळ्यात अवघड. स्वतःला विचारायचं, लोकांनी यावर विश्वास का ठेवला? माझं उत्तर असं निघालं : वही बरोबर होती, पण ती माझ्या पिशवीत होती. वर्षभरात मी ती एकदाही वाचून दाखवली नव्हती. लिहिता येतं याचा मला माज होता. मी पण माझ्यापुरती बातमी कुलपात ठेवली होती.

शेवटी एका पगाराच्या दिवशी, पाळी सुटल्यावर, मी वही मोठ्यानं वाचली. दोन तास. नंतर म्हणालो, खबऱ्याची गोष्ट मी रचली होती, खोटी आहे. सगळे गप्प. तो माफी बिफी काही बोलला नाही. म्हणाला, "तू त्या दिशी नीट बोलला असतास तर." मी म्हणालो, "आता वही तू ठेव." त्याला भरभर लिहिता येत नाही. मग आकडे मी लिहितो, वही त्याच्याकडं असते, सही दोघांची. फीसाठी द्यायचं की नाही याचा नियम टोळीनं मत घेऊन बदलला. पोरगी शाळेत जाते.

आज आमच्या जिल्ह्यात असलेल्या कसबे तडवळ्याला फेब्रुवारी 1941 मध्ये महार-मांग वतनदार परिषद झाली, बाबासाहेब तिथं आले होते. दोन जाती एका मांडवात बसवायला त्यांना तिथवर यावं लागलं. आम्ही त्या दोघांना एका डब्यातनं उठवायला पाच हजार रुपये आणि एक कंडी पुरली.

म्हणून हे संपादकीय गोड शेवटाचं नाही. आम्ही दोघं परत एका डब्यात जेवतो. पण टोळीतनं काढलेली ती दोघं अजून बाहेरच आहेत. एक जण रोज सकाळी नाक्यावर उभा राहतो, काम मिळालं तर मिळालं. त्या दोघांसाठी आता टोळी एका तोंडानं मुकादमाकडं जाते, जात राहील. पण जेव्हा तोंड उघडायचं होतं तेव्हा आमची तोंडं एकमेकांच्या कानाला लागली होती.

दोस्तहो, उद्या तुमच्या कानाशी कुणी येईल. त्याला एवढंच म्हणा : चल, त्याच्यासमोर बोल.

जय भीम.